हात न लावलेला संच

८ जुलै
निप्पोनबाशी, ओसाका

चिझुरू,

पत्राची सुरुवात हवापाण्यानं करायची असते. तू ती गाळलीस, मीही गाळते. इथं उकडतंय, तिथं उकडत नसेल. झालं.

तुझं कार्ड काल दुपारी आलं. आठ वर्षांनी आलं, त्यात मोजून पाच वाक्यं, आणि तीही कशी! "आपण कुशल असाल. सुझुने पाचवीत आहे. उन्हाळी सुट्टीच्या प्रकल्पासाठी तिला मायक्रोकंट्रोलर शिकायचा आहे. नवशिक्यांसाठी कोणता संच घ्यावा, ते कृपया कळवावे. वस्तू पाठवू नये." आपण! कळवावे! अगं, वीजबिलाची आठवणसुद्धा मला यापेक्षा मायेनं येते. शेजारचा हिगाशिदे, तोच तो जुन्या रेडिओच्या काचेच्या नळ्या विकणारा, अजून जिवंत आहे, त्याला कार्ड दाखवलं. म्हणाला, "फुमिएबाई, अक्षर तुमच्या लेकीचं आहे, पण भाषा वकिलाची आहे." त्याला म्हटलं, तू तुझ्या नळ्या पूस.

पण पत्ता लिहिलास. होक्काइदो, बेत्सुकाइ. मी नकाशात शोधलं. एवढ्या वर? त्याच्या पुढं तर समुद्रच आहे की गं. हिगाशिदे म्हणतो तिकडं माणसांपेक्षा गायी जास्त आहेत.

असो. विचारलंस त्याचं उत्तर. मी चाळीस वर्षं हेच विकतेय, माझ्याइतकं तुला कुणी सांगणार नाही. मोठा संच घे. निळा आर्डुइनो बोर्ड, त्याच्याबरोबर सदतीस तऱ्हेचे सेन्सर, मोटर, छोटा पडदा, रंगीत वायरी, सगळं खणाखणांच्या डब्यात बसवलेलं. एकदा घेतला की पुन्हा काही आणायला नको. सुझुनेला सांग की मायक्रोकंट्रोलर म्हणजे एक नखाएवढा मेंदू असतो. त्याला सांगितलं तेवढंच तो करतो, न सांगितलेलं कधी करत नाही. 

फक्त नाव कळवलंय. काही पाठवत नाहीये.

पाचवीत म्हणजे उंची किती झाली तिची? हे उत्तरात आलं नाही तरी चालेल.

आई

ता. क. पाकिटात दोन लिमलेटच्या गोळ्या आहेत. वस्तू म्हणत नाहीत त्याला. दुकानात दहा रेझिस्टर घेणाऱ्यालाही मी देते.


१४ जुलै

चिझुरू,

मागच्या पत्रातलं सगळं पुसून टाक. तो मोठा डबा घेऊ नकोस. घेतला असशील तर परत कर.

सांगून मोकळी झाले आणि दुसऱ्या दिवशी तोच डबा नेलेला एक गृहस्थ दुकानात आला. बायकोनं वाढदिवसाला दिला होता. म्हणाला, "उघडला, पाहिला, छाती दडपली, बंद केला." सदतीस सेन्सर! त्यातले पाच वापरायचे तर माणसाला पाच प्रश्न पडलेले असावे लागतात. हे मला ठाऊक आहे गं. रोज गिऱ्हाइकांना मीच सांगते. पण तुझं कार्ड आलं आणि मला वाटलं की सगळं द्यावं. जे असेल ते सगळं. माझं डोकं तिथंच फिरलं.

मग मी नीट बसून विचार केला. नवशिक्यांसाठी तीन वाटा आहेत. एक तो डबा, तो गेला. दुसरी, शाळांमध्ये देतात तो मायक्रोबिट. हातावर मावतो, दिवे आणि बटणं आधीच बसवलेली, काही जोडायला नको, दहा मिनिटांत मूल हसतं. पण तासाभरानं म्हणतं, आता? तिसरी म्हणजे नुसता हिरवा छोटा बोर्ड, पाय न लावलेला. पाय म्हणजे धातूच्या काड्या, त्या आपणच सोल्डर करायच्या, तापल्या आयर्ननं कथील वितळवून डाग द्यायचे, मग ब्रेडबोर्डवर, त्या भोकाभोकांच्या पाटीवर, बसवायचा, बाकी सगळं सुटं सुटं. हात भाजतो, चुकतं, पण जे होतं ते आपलं होतं.

पाचवीतल्या मुलीला सोल्डरिंग नको. डोळ्यात उडालं, बोट भाजलं तर? म्हणून दुसरं घे. नाहीतर तिसरं घे, पण पाय लावून मिळतो तो. मी लावून देईन. म्हणजे देणार नाही, पाठवू नये म्हणालीस ना. नुसतं म्हणतेय.

खरं सांगू? तिन्ही घेऊन ठेवलेत. गल्ल्याशेजारी एकावर एक रचलेत. हिगाशिदे येता-जाता विचारतो, "देवघर नवीन वाटतं?" मेल्याला दुसरा उद्योग नाही.

घाई नाही. सुट्टी एकतीस ऑगस्टपर्यंत आहे.

तू गेलीस तेव्हाचं मी काढणार नाही. मी जे केलं ते तुझ्या चांगल्यासाठीच केलं, एवढंच. तेही जाऊ दे.

आई


२५ जुलै

चिझुरू,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती, असं लिहिणार होते. ते खोटं आहे. रोज अकरा वाजता टपालाची मोटरसायकल वळणावर आली की मी गिऱ्हाइकाला उरलेले पैसे चुकीचे देते.

आज तेन्जिनचा उत्सव. सगळी गर्दी नदीवर, बाजारात चिटपाखरू नाही. एक म्हातारा आला, ट्राम चालवून निवृत्त झालेला. टोपी काढून म्हणाला, "मला यातलं ओ की ठो कळत नाही. मायक्रोकंट्रोलर शिकायचा आहे. कोणता संच घेऊ?" आणि मी, नेहमी विचारते तसं, तोंडातून आपोआप निघालं, "आजोबा, बनवायचंय काय?"

तो म्हणाला, "बायकोला ऐकू कमी येतं. किटली उकळली की दिवा लागावा." 

त्याला मी एक बोर्ड, एक तापमानाचा सेन्सर आणि एक दिवा दिला. एवढासा पुडा झाला. खूश होऊन गेला, गोळी चघळत. हिगाशिदे दारात टेकून पंख्यानं वारा घेत होता. तो म्हणाला, "नातीला विचारलंत का हो?"

"काय?"

"हेच. बनवायचंय काय."

मी त्याला चांगली शिवी हासडणार होते. त्याऐवजी हा कागद ओढला. चाळीस वर्षं, चिझुरू. दारात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक अनोळखी माणसाला मी हा प्रश्न आधी विचारते. त्याशिवाय कपाटाला हात लावत नाही. आणि माझ्या घरातून आलेल्या प्रश्नाला मी दोन पत्रं भरून उत्तरं दिली, न विचारता.

तुलाही नाही विचारलं. आठ वर्षांपूर्वी तू सुझुनेला कडेवर घेऊन माझ्याकडं आलीस, केइगोशी पटत नाही एवढंच म्हणालीस, आणि वर जाऊन झोपलीस. मी काय केलं? सरळ तुझ्या सासूला फोन लावला. "माझीच मुलगी हट्टी आहे, तिच्या वतीनं मी माफी मागते, येऊन घेऊन जा." तू खाली आलीस तेव्हा बाई दुकानात बसून चहा पीत होत्या. तुझा चेहरा मला अजून दिसतो. तू ओरडली नाहीस. "आई, माझं काही दुरुस्त करू नकोस," एवढंच म्हणालीस, आणि दुसऱ्या दिवशी विमानात बसलीस.

मागच्या पत्रात लिहिलं, तुझ्या चांगल्यासाठी केलं. माझ्या चांगल्यासाठी केलं गं. घरात काही बिघडलेलं दिसलं की मला बसवत नाही. तुला काय हवं होतं ते तेव्हा विचारलं असतं, तर दोन मिनिटं लागली असती.

संचाचं नाव मी सांगणार नाही. आधी सुझुनेला विचार: तिला बनवायचंय काय?

आई


५ ऑगस्ट

चिझुरू,

काल आलं. पाकीट जाड होतं, मी आधी वास घेतला. गवताचा वास येतो का गं तिथल्या कागदालाही?

सुझुनेचं पत्र मी तोंडपाठ केलंय, तरी इथं लिहिते, कारण लिहिताना पुन्हा वाचता येतं. "आजी, मला एक दिवा बनवायचा आहे. आई पहाटे गायींचं दूध काढायला गोठ्यात जाते. मी सहा वाजता एकटी उठते. आई सारखी घराकडं बघते, मी उठले का, खाल्लं का. मग वासराची बाटली सांडते. म्हणून खिडकीत दिवा. मी उठले की बटण दाबणार, पिवळा लागणार. खाऊन झालं की हिरवा. आईनं गोठ्यातून बघायचं. मला स्वतः सोल्डर करायचंय. आई म्हणते सगळ्यात जास्त मजा त्यातच असते. आमच्याकडं आईचं जुनं आयर्न आहे, लाल मुठीचं. माझी उंची १३८." खाली चित्र. गोठा, घर, मध्ये तू, तुझ्यापेक्षा गाय मोठी.

लाल मुठीचं. तू दहाची झालीस तेव्हा मी दिलेलं. मला वाटायचं, सहावीनंतर तू सोल्डरिंगला कधी हात लावला नाहीस. आणि तू ते आयर्न होक्काइदोपर्यंत नेलंस, आणि मुलीला सांगतेस की मजा त्यातच असते! मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि हमसून हमसून रडले. एकजण ट्रान्झिस्टर मागायला वाकून आत आला, तसाच गेला.

आणि सगळ्यात खाली तुझी ओळ. "पाठव. पण तुझा हात न लावता." पाठव! 'पाठवावे' नाही. 

आता कबुली. संच मी लगेच काढला. तीन वाटांमधला तिसरा, नुसता हिरवा बोर्ड. ब्रेडबोर्ड, पिवळा आणि हिरवा एलईडी, दोन रेझिस्टर, दोन बटणं, वायरी, बॅटरीचं घर. दिवा, बटण आणि त्यांना सांगणारा मेंदू. सदतीस सेन्सरांची आरास गेली खड्ड्यात. सगळं पुड्यात भरलं, गोळ्या टाकल्या, वर चिकटपट्टी लावली. आणि मग लक्षात आलं की बोर्डाला पाय लावलेले आहेत. चाळीसच्या चाळीस, दोन सरळ रांगांत, चकचकीत. कोणी लावले? घरात भूत नाही. मीच लावले, तुझी ओळ वाचल्यावर! हातांनी मला विचारलंसुद्धा नाही. 

हिगाशिदेला दाखवले तर म्हणतो, "सुरेख काम आहे. आता हे पोरीच्या नावानं बक्षिसाला पाठवा." त्याला काही माहीत नाही, तो सहज बोलला. पण मी बोर्ड त्याच्या हातून हिसकावून घेतला.

तो बोर्ड काढून ठेवला. कपाटातून दुसरा घेतला, कारखान्यातून आलेल्या पिशवीतला, तसाच टाकला. पाय सुटे.

पत्र इथवर आलं आणि हिगाशिदे पुन्हा डोकावला. "कधी पाठवताय? होक्काइदोत शाळा अठराला सुरू होते."

"कोण म्हणतं? एकतीसपर्यंत सुट्टी असते."

"इथं असते. तिकडं हिवाळ्याची सुट्टी मोठी, म्हणून उन्हाळ्याची तोकडी. माझी बहीण साप्पोरोला दिली होती, मला विचारा."

अगं बाई! मी एवढे दिवस बसून संचांची उतरंड रचत होते, माझ्या हिशेबानं अख्खा ऑगस्ट हातात होता. जन्मभर ओसाकात राहिलेल्या बाईला वाटतं की सगळ्या देशाची सुट्टी हिच्या गल्लीत ठरते. आणि तूही कार्डात तारीख लिहिली नाहीस. लिहिली असतीस तर मी रांगत आले असते, हे तुला माहीत होतं, म्हणूनच लिहिली नसणार.

आता खरी पंचाईत. पुडा आठ तारखेला पोचेल. दहा दिवसांत तिनं पाय लावायचे, जोडणी करायची, सूचना लिहायच्या. तयार पायांचा बोर्ड समोर पडलाय. तो टाकला तर तिचे तीन दिवस वाचतील. दोनदा पुडा उघडला. दोनदा बंद केला.

सुट्या पायांचाच पाठवतेय. वेळेत झालं नाही तर दोष माझा, तिला तसं सांग. 

आई


१५ ऑगस्ट

चिझुरू,

ओबोनचे दिवस, गेलेली माणसं घरी येण्याचे. तुझ्या बाबांच्या फोटोसमोर टरबूज ठेवलंय आणि मी खाली दुकानात बसलेय. जिवंत होते तेव्हाही ते असेच वर आणि मी खाली.

सुझुनेचा फोटो आला. बोर्ड, वायरी, दिवे. पाठीमागं लिहिलंय, "आजी, पाय मीच लावले. दिवा लागत नाही. आई म्हणते तुला फोटो बघूनच कळेल काय चुकलं. पण सांगू नकोस हं. मी शोधते." आणि त्याखाली, तुझ्या अक्षरात, फोन नंबर. नुसते आकडे. एक शब्द नाही.

फार दुष्ट आहेस. आठ वर्षं मी या आकड्यांसाठी तडफडले, आणि देतेस कधी, तर जेव्हा फोन उचलायचा नाही तेव्हा.

मला कळलंय काय चुकलं. बघताक्षणी कळलं. डाव्या रांगेतला अकरावा पाय: सोल्डर पसरलेलंच नाही, नुसता गोळा होऊन वर बसलंय. दहा सेकंदांचं काम. तीन दिवसांनी शाळा उघडतेय. सकाळपासून चार वेळा फोन हातात घेतला, दोनदा पहिले सहा आकडे दाबले. मग उठून भांडी घासली. स्वच्छ होती तीही घासली.

या पत्राबरोबर एक चिकटवलेलं छोटं पाकीट आहे. त्यात मी दोष लिहून ठेवलाय. दिवा लागला की मगच सुझुनेनं उघडायचं. आजी किती हुशार आहे ते तिला कळेल. एवढी हौस तरी मला पुरवू दे.

आता जे लिहायला बसले ते.

ओबोनची साफसफाई करताना माळ्यावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला. आत तुझा सहावीचा प्रकल्प. बक्षीस मिळालेला नव्हे. तो शाळेनं काचेच्या कपाटात ठेवला होता, आणि तो माझा होता. हा खरा, तू केलेला. 

तुला आठवतं ते मी सांगायला नको, पण मी आजवर मोठ्यानं म्हटलेलं नाही, म्हणून म्हणते. एकतीस ऑगस्टच्या संध्याकाळी तू अंघोळीला गेलीस. टेबलावर तुझा प्रकल्प होता, एक बटण, एक बझर, आणि मधे लांबलचक वायर. सोल्डरिंग म्हणजे सशाच्या लेंड्या. मला वाटलं, कुरामोतो पार्ट्ससारख्या दुकानाच्या मुलीनं हे शाळेत न्यायचं? बाप नाही म्हणून पोर उघड्यावर पडली म्हणतील लोक. ते खाली नेलं आणि सगळं नव्यानं केलं. बारा दिवे ओळीनं धावणारे, बझरऐवजी गाण्याची धून. सकाळी तू ते पाहिलंस, पिशवीत घातलंस, शाळेत गेलीस. शहराचं बक्षीस मिळालं. स्टेजवर तू मान खाली घालून उभी होतीस, मी खालून टाळ्या वाजवत होते. मला वाटलं, लाजतेय.

तुझं मूळचं मी टाकून दिलं नाही, एवढंच. डब्यात घातलं आणि विसरले.

आज मी त्याला बॅटरी लावली आणि बटण दाबलं.

वाजलं, चिझुरू. तीस वर्षांनी, त्याच लेंड्यांवर, पहिल्या झटक्यात वाजलं. हिगाशिदे पलीकडून ओरडला, "फुमिएबाई, कोंबडी कापताय की काय!" एवढा भसाडा आवाज, पण वाजलं.

तेव्हा मी ते चालू करून पाहिलंच नव्हतं. डाग वाईट दिसले, म्हणून मी धरून चालले की बिघडलेलं आहे. त्यात बिघडलेलं काहीच नव्हतं. तुझ्यातही नव्हतं. 

मला माफ कर असं मी तुझ्या सासूला किती सहज म्हटलं होतं. तुला म्हणायला तीस वर्षं लागली. मला माफ कर, बाळा.

आणि एक विचारायचं राहिलंय. ट्रामवाल्या म्हाताऱ्याला विचारलं, सुझुनेला विचारलं, तुला नाही. एवढी लांब वायर, एका टोकाला बटण, दुसऱ्या टोकाला बझर. ते कशासाठी होतं? तुला बनवायचं होतं काय?

आई


३० ऑगस्ट

चिझुरू,

आधी सुझुनेच्या पत्राचं उत्तर, मग तुझ्या.

सुझुनेबाईंना सांग, आजीची पुरती जिरली. "आजी, तुझं चुकलं!" हे तिनं लाल पेनानं लिहिलंय, खाली दोन रेघा मारून. अकरावा पाय ठणठणीत होता म्हणे. हिरवा दिवा चौदा नंबरच्या पायाला जोडला आणि सूचनेत पंधरा लिहिलं, एवढंच. अठराला प्रकल्प न लागणारा दिवा म्हणूनच शाळेत दिला, बाईंनी "पुढं काय झालं ते कळव" असा शेरा मारला, आणि वीस तारखेला तिला तो आकडा सापडला. मग माझं पाकीट उघडून सगळ्या वर्गात वाचून दाखवलं! म्हणजे चाळीस वर्षं दुकान चालवलेल्या बाईनं पुन्हा एकदा डाग बघून निकाल दिला, आणि पुन्हा एकदा तोंडावर आपटली. हिगाशिदेला हे सांगायची चूक केली. आता प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतोय, "त्यांना फोटो दाखवू नका."

आणि तू लिहितेस, पहाटे पिवळा लागतो, थोड्या वेळानं हिरवा, आणि तोवर तू वासराजवळ उभी राहून घराकडं बघत असतेस. बाटली अजूनही सांडतेच. ते वाचून मी पुन्हा शटर ओढलं.

आता तुझं. 

माझ्या एवढ्या लांब प्रश्नाला तू एक ओळ लिहिलीस. "बटण वर स्वयंपाकघरात, बझर खाली दुकानात. जेवण गरम आहे, वर ये, एवढं तुला कळवायला."

मी ती ओळ घेऊन जिन्याच्या पायरीवर बसले. मला सगळं दिसलं. बाबा गेल्यावरचं तिसरं वर्ष. तू बारा वर्षांची. मी रात्री आठपर्यंत दुकानात, आणि तू वर, मिसोचं सूप पुन्हा पुन्हा गरम करत. मी रोज म्हणायची, "हाक मारली असतीस तर आले असते." तू हाक मारायचीस, आणि खाली ग्राइंडरच्या आवाजात मला ऐकू यायची नाही. म्हणून तू घंटा बनवलीस. आणि मी ती घंटा डब्यात कोंबली, तिच्या जागी बारा दिवे आणि गाणं बसवलं, आणि ते शाळेच्या काचेच्या कपाटात पाठवलं. त्या हिवाळ्यातही तू एकटी जेवलीस. 

बक्षीस घेऊन घरी आलो तेव्हा तू काय म्हणाली होतीस, ते आत्ता आठवलं. "आता ते घरी परत मिळणार नाही ना?" मी म्हटलं होतं, "वेडे, कपाटात शोभून दिसतंय की."

तुझ्या पत्राची पुढची ओळ मी हिगाशिदेला दाखवली नाही. कुणालाच दाखवणार नाही. "सप्टेंबरात गायींचं काम जरा हलकं असतं. यायचं असेल तर ये. आयर्न आणू नकोस."

आणत नाही. पिशवीत गोळ्या आहेत, सुझुनेला उन्हाळी टोपी आहे, आणि तुझा तो पत्र्याचा डबा आहे. घंटेला मी काही केलेलं नाही. धूळसुद्धा पुसलेली नाही. काल दुपारी फक्त एक केलं. बटण वर स्वयंपाकघरात ठेवलं, वायर जिन्यावरून खाली सोडली, बरोबर पुरली, तू मोजूनच घेतली होतीस. बझर गल्ल्यावर ठेवला. मग हिगाशिदेला वर पाठवलं, म्हटलं, दाब. कशासाठी ते त्यानं विचारलं नाही, पहिल्यांदाच.

भर बाजारात, दोन गिऱ्हाइकं समोर उभी असताना, ती भसाडी घंटा वाजली. मी म्हटलं, "मंडळी, दुकान बंद. मला वर बोलावलंय."

बारा तारखेचं विमान आहे. नंबर आहे माझ्याकडं, पण विमानतळावरूनच करेन. सहा आकड्यांच्या पुढं दाबायचा सराव अजून नाही.

चिझुरू, घंटा ऐकू आली. भात वाढून ठेव, हात धुऊन येते.

आई